उजेडाकडे चेहरा

दीनानाथांनी कढईवर झाकण ठेवलं, हात पुसले आणि नातीने आपल्याकडे फिरवलेल्या लॅपटॉपकडे चष्मा सावरत पाहिलं. पडद्यावर दोन चौकोन होते. एकात लंडनची फिल्म स्कूल, दुसऱ्यात कार्डिफची. आज संध्याकाळपर्यंत दोन्हींपैकी एकीला होकार कळवायचा होता.

"आजोबा, तुम्ही सांगा ना. आय ॲम गोइंग मॅड."

"मला त्यातलं काय कळतं गं, तनिषा?"

"पण दोन्हीकडे ओपन डेला, स्कूल बघायला, तुम्हीच आला होता माझ्याबरोबर."

ते खरं होतं. शाळेत मार्क कमी पडले तेव्हा घराजवळच्या क्रॉयडनच्या कॉलेजने तिला पदरात घेतलं, हातात कॅमेरा दिला. ट्राम त्या दारावरून गेली की दीनानाथ अजूनही मनातल्या मनात हात जोडत. आता लंडनवाले त्या कॉलेजातलं शिक्षण धरून तिला सरळ दुसऱ्या वर्षात घेत होते, शिवाय राहायला घर होतंच. कार्डिफला मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि राहणंही तिकडेच. तिच्या आईवडिलांच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. दीनानाथांनाही ती घरीच हवी होती. म्हणून तर त्यांना आपल्या मताची खात्री वाटत नव्हती.

"लंडनला तू सारखी मागे वळून बघत होतीस," ते कढईकडे पाहत म्हणाले. "आजोबांना खुर्ची मिळाली का, चहा मिळाला का."

"ऑफ कोर्स. मग?"

"कार्डिफला मी कॅन्टीनमध्ये बसलो होतो, तर तिथल्या एका मुलीला वाटलं, मी त्यांनी बोलावलेला नट. आत नेलं, दाढी चिकटवली, टोपी घातली, कोट चढवला, खिडकीशी बसवलं. मला नाही म्हणायचा धीर होईना. मग तुम्हा नव्या मुलांना एकेक करून कॅमेऱ्यापाशी आणलं."

तनिषाचा हात तोंडावर गेला.

"वेट. तो खिडकीतला ओल्ड मॅन… ते तुम्ही होता?"

"मला 'सर' म्हणालीस. म्हणालीस, प्लीज, चेहरा जरा उजेडाकडे."

"ओ माय गॉड! मी ओळखलं पण नाही तुम्हाला? सो सॉरी, आजोबा. बोलायचं ना!"

"कसा बोलणार? तू इतकी…"

त्यांनी झाकण काढून पोहे उगाच परतले.

"एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. मला फार बरं वाटलं गं," ते म्हणाले.

तनिषाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग कळ दाबल्याचा बारीक आवाज आला. होकार कुठल्या स्कूलला गेला, ते दीनानाथांनी विचारलं नाही. पोहे दोन बशांत काढले, वर खोबरं घातलं.

"मग वळवला का चेहरा?" तिने विचारलं. तिचा आवाज जरा ओला होता.

"वळवला की," ते म्हणाले. "तू पुढच्या खोलीत जाईपर्यंत तसाच ठेवला होता."