गाडीला धुरी

वास कृष्णाबाईच्या मासळीचा, याबद्दल जयवंतच्या मनात तिळभरही शंका नव्हती. शंका यावी तरी कशी? गिरणी बंद पडल्यावर त्याने जुनी फियाट घेऊन टॅक्सी सुरू केली, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून मनोरीची ही कोळीणच बसली होती. ती होडीने मार्व्याला उतरायची, मासळीच्या पाट्या डिकीत चढवायची आणि कांदिवलीच्या बाजारात येऊन बसायची. पाणी गळू नये म्हणून डिकीत गोणपाट अंथरलेलं असे. मासळी वाहणाऱ्या गाडीला अत्तराचा वास येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

पण यंदा वास भलताच वाढला. त्याच्या बायकोला, वनमालाला, दिवस गेलेले असताना एकदा गाडीत बसवलं, तर ती अर्ध्या वाटेत उतरून भडाभडा ओकली. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी आता कुठे पदरात मुलगी पडली होती, आणि आज दुपारी मायलेकींना इस्पितळातून घरी आणायचं होतं. आपल्या लेकीने जगात आल्या आल्या हा वास घ्यावा, हे जयवंतच्या जिवाला फार लागलं होतं.

सकाळीच त्याने डिकी चिंचेच्या कोळाने घासली, गोणपाट झटकून परत अंथरलं. वास जागच्या जागी. शेवटी शेजारच्या रुक्मिणीकाकूंनी तोडगा काढला.

"अरे, बाळंतिणीक देतंव ती धुरी दी गाडयेक. वास पळतलो."

जयवंतला ते पटलं. माणूस नवा नवा बाप झाला की त्याची अक्कल थोडे दिवस रजेवर जाते. काकूंच्याच धुपाटण्यात त्याने निखारे फुलवले, वर ओवा, लसणीची सालं आणि ऊद टाकला, आणि ते मिरवत गाडीपाशी आला. तिथे कृष्णाबाई उभी. मुलगी झाल्याचं कळलं म्हणून खाडी ओलांडून, ओटीचा नारळ घेऊन आली होती.

"काय करतोस रे, जयवंता?"

"तुझ्या मासळीचा वास घालवतोय, मावशी. आज पोरगी घरी येणार. डिकीत ही धुरी ठेवतो नि झाकण लावून टाकतो. आणि राग मानू नकोस, पण यापुढे तुझ्या पाट्या माझ्या गाडीत नकोत."

कृष्णाबाईचा चेहरा उतरला. पण मासळीला नावं ठेवलेली ऐकून गुपचूप घरी जाईल ती कोळीण कसली.

"पाऊस लागल्यापासून मासे मारायच्या होड्या वर ओढून ठेवल्यात. नारळी पुनव अजून व्हायची हाय. तवापासून माझी एक पाटी तुझ्या गाडीत चढली नाय. मग माझा वास आला कुठून?"

जयवंतने बोटांवर महिने मोजले. खरंच होतं की. तेवढ्यात तिने डिकी उघडली, वाकून वास घेतला, आणि झटकन वळून त्याच्या हातातलं धुपाटणं हिसकावलं. नळाखाली भरलेली बादली होती, तिच्यात ते निखाऱ्यांसकट बुडालं. रुक्मिणीकाकू दारातून ओरडल्या, कारण धुपाटणं त्यांच्या माहेरचं होतं.

"पेट्रोल हाय ते," कृष्णाबाई धापा टाकत म्हणाली.

मासळी, मासळी असं ऐकून ऐकून जयवंतच्या नाकाने दुसरं काही हुंगायचंच सोडलं होतं. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या धोंडिराम मेकॅनिकला त्याने बोलावून आणलं. फियाटची टाकी डिकीतच असते. टाकीच्या तोंडाची रबरी नळी चिरली होती. पेट्रोल भरलं की दर वेळी थोडं झिरपायचं, आणि गोणपाट ते पिऊन बसायचं.

"निखारा आत ठेवला असतास ना," धोंडिराम म्हणाला, "तर तुझी, गाडीची, सगळ्यांचीच वाट लागली असती रे."

जयवंत तिथेच पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. ज्या बाईच्या पाट्यांना आपण आत्ता गाडीत मनाई केली, तिनेच आपल्याला वाचवलं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कृष्णाबाई मात्र नारळ त्याच्या शेजारी ठेवून निघाली.

"जाते मी. पोरीला सांभाळ."

"जातेस कुठे?" जयवंतने तिचे दोन्ही हात धरले. "मी चुकलो, मावशी. तू चल माझ्याबरोबर."

धोंडिरामने नवी नळी बसवली, गोणपाट उकिरड्यावर गेलं, आणि डिकी उन्हात उघडी राहिली. दुपारी इस्पितळाच्या दारात जयवंतने वनमालाला सगळं सांगितलं, स्वतःच्या बोलण्यासकट. ती गाडीत मागे बसली, पण बाळ तिने मांडीवर घेतलंच नाही. शेजारी अंग चोरून बसलेल्या कृष्णाबाईपुढे धरलं.

कृष्णाबाईने हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि मागेच घेतले.

"नको गं. माझ्या हातांना मासळीचा वास येतो."

"येऊ दे," वनमाला म्हणाली. "तिला आधी तोच कळू दे."