सत्तेचाळीस नंबरची पाळी

"बाबा, सत्तेचाळीस नंबर कोण आहे?"

गुलाबराव दाराशी बसून बुटांना पॉलिश करत होते. ब्रश थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"कोन्ता सत्तेचाळीस?"

"तुमच्या ड्रायव्हरांमधला. ऑफिसनं मला नावं दिली नाहीत, नुसते नंबर दिलेत. बाकी सगळे पहाटेच्या पॅसेंजरवर फिरून फिरून जातात. हा अकरा वर्षांत एकदाही गेलेला नाही."

"असन. योगायोग असन."

"चार हजार दिवस योगायोग चालत नाही, बाबा."

"मंग मले नाई माहीत," म्हणून त्यांनी बूट पायात घातले. एकाच बुटाला पॉलिश झालं होतं.

स्वप्ना लॅपटॉपसमोर तशीच बसून राहिली. कोणाला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, कोणाच्या मुलीचं लग्न कोणत्या तारखेला आहे, हे या माणसाला तोंडपाठ असतं. बावीस वर्षं रेल्वेचा कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर जाणार याचा तक्ता हेच लावत आलेत. आणि यांना एक नंबर माहीत नाही?

स्वप्ना चौतीस वर्षांची होती, बाबांच्या नोकरीमुळे हिंदी मुलखात वाढलेली. एका खाजगी कॉलेजात गणित शिकवायची आणि सहा वर्षं ऑपरेशन्स रिसर्चमध्ये पीएच.डी. करत होती. विषय सोपा करून सांगायचा तर असा: इतकी माणसं, इतक्या गाड्या, इतके तास, त्यांची जुळणी गणिताने अशी लावायची की कोणावर जास्त भार पडू नये आणि एकही गाडी अडू नये. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. तिसरी मिळणार नव्हती. तिच्या प्रोग्रॅमने लावलेला तक्ता हाताने लावलेल्या तक्त्यापेक्षा चांगला आहे, एवढंच सिद्ध करायचं राहिलं होतं. पण गंमत अशी की गुलाबरावांचा तक्ता हरत नव्हता. पहाटेच्या पॅसेंजरच्या पाळ्या बाकीच्यांत इतक्या सारख्या वाटलेल्या होत्या की प्रोग्रॅमलासुद्धा तेवढं जमलं नव्हतं. फक्त सत्तेचाळीसच्या रकान्यात शून्य.

बाबा रजेवर असत तेव्हाही शून्यच. म्हणजे रजेवर जाण्याआधी आठवड्याचा तक्ता लावून जात असणार. जो माणूस इतकी काळजी घेतो, तो काहीतरी लपवत असतो, असं तिला वाटलं. आणि एकदा वाटल्यावर ते जाईना.

तिने बाबांकडे वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली. मोबाईल वाजला की ते अंगणात का जातात? रविवारी ते म्हणाले, "वैशाली नगरले जाऊन येतो, चष्म्याची दांडी ढिली झाली." ती तासाभराने विद्यार्थ्याचे पेपर द्यायला खातीपुऱ्याकडे निघाली, तर तिथल्या स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर बाबांची स्कूटर उभी. बाकावर ते आणि एक उंच, किडकिडीत माणूस. ग्लास हातात धरून नुसते बसले होते. माणूस तिच्या ओळखीचा होता. देवराम. दर संक्रांतीला गजकचा, म्हणजे तिळाच्या वड्यांचा, डबा घेऊन क्वार्टरवर येणारे ड्रायव्हर.

घरी आल्यावर तिने विचारलं, "चष्मा झाला दुरुस्त?"

"झाला," गुलाबराव म्हणाले.

दांडी अजून ढिलीच होती.

तिने आईला गाठलं. मीराबाई मेथी निवडत होती.

"आई, ते देवराम अंकल आपल्याकडे का येतात गं? बाकी कोणी ड्रायव्हर तर येत नाही."

"येते बापा, चांगला मानूस हाये. तुह्या बाबाले लय मानते."

"मतलब, का मानतात?"

मीराबाईने मान वर केली. "तू काय पोलिसात लागली काय वो?"

सत्तेचाळीस म्हणजे देवरामच, हे तिला आता पक्कं वाटू लागलं. पण गजकच्या डब्यासाठी कोणी अकरा वर्षं नियम मोडत नाही. मग आणखी कशासाठी? लहानपणी शाळेच्या दाखल्यासाठी चहापाण्याचे पैसे मागणाऱ्या कारकुनाला गुलाबरावांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं. घरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखाली उभं राहून खोटं बोलायचं नाही, हे तिला याच माणसाने शिकवलं होतं. त्यामुळेच राग येत होता.

सबमिशनच्या आधीच्या सेमिनारसाठी तिने स्लाइड्स तयार केल्या. गाईड सलोनी मॅडमना तिचे वडील त्याच ऑफिसात आहेत हे माहीत होतं. सत्तेचाळीसच्या स्लाइडवर त्या थांबल्या. "ही तुझी सर्वांत पक्की स्लाइड आहे," त्या म्हणाल्या. "माणूस तक्ता लावतो तेव्हा पक्षपात शिरतो, याचा पुरावा. काढायची असेल तर काढ. पण का काढलीस, हे मी विचारेन."

स्वप्नाने ती ठेवली. काढली असती तर आपल्यात आणि बाबांत काय फरक राहिला असता, असं तिला वाटलं.

सेमिनारला रेल्वेचे एक अधिकारी बोलावलेले होते. शेवटी त्यांनी शांतपणे विचारलं, "हा नंबर कोणाचा?"

"सर, माझ्याकडे नावं नाहीत."

"ठीक आहे. आमच्याकडे आहेत." त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि आकडा लिहून घेतला.

सलोनी मॅडमनी बाहेर आल्यावर तिचा हात दाबला. काम झालं होतं.

पंधरा दिवसांनी गुलाबराव दुपारीच घरी आले. त्यांना तक्त्याच्या टेबलावरून हलवून स्टेशनरीच्या भांडारात बसवलं होतं. निवृत्तीला चार महिने राहिले होते. मीराबाईने कारण विचारलं तर म्हणाले, "काई नाई वो, बदली होतच रायते." स्वप्नाकडे त्यांनी बघितलंही नाही आणि बघायचं टाळलंही नाही. पंखा लावून आडवे झाले.

ते चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. दोन दिवस वाट बघून ती खातीपुऱ्याला देवरामच्या घरी गेली. ते घरी नव्हते. त्यांची बायको कस्तुरी ओट्यावर पापड वाळत घालत होती. स्वप्नाने नाव सांगितलं तशी ती उठून आत गेली आणि पाण्याचा लोटा घेऊन आली.

"गुलाबजी की बेटी हो. बैठो."

"अंकल कुठं... कहाँ गए हैं?"

"डॉक्टरी जाँच हुई उनकी. गाड़ी से उतार दिया. अब शेड में रजिस्टर भरते हैं." ती हे तक्रारीसारखं बोलली नाही. कोणाच्या तब्येतीबद्दल सांगावं तसं बोलली.

स्वप्नाने विचारलं नाही तरी तिने पुढचं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्या पहाटेच्या पॅसेंजरवर देवराम होते. ती एकच गाडी त्या फाट्याच्या लाईनवरून जाते. एका फाटकाच्या पुढे एक बाई दोन मुलांना मांडीवर घेऊन रुळांवर बसली होती. त्यांनी ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी थांबत नसते. बाईने शेवटपर्यंत मान वर केली नाही, पण थोरल्या मुलाने केली.

"बाकी सब लाइन पर ठीक चलाते थे. बस उस जगह हाथ काँपने लगते. किसी को बताते तो गाड़ी चलाना छूट जाता, और गाड़ी के सिवा इनको कुछ आता नहीं. गुलाबजी को बताया. गुलाबजी ने सब ड्राइवरों से एक-एक करके पूछा, भाई, देवराम की बारी तुम लोग बाँट लोगे? किसी ने ना नहीं बोला."

सगळ्यांनी वाटून घेतलेल्या पाळ्या. कोणालाही एक जास्त किंवा कमी जाऊ नये म्हणून बाबांनी त्या अकरा वर्षं मोजून लावल्या होत्या. स्वप्नाने त्यालाच सफाईने केलेली लपवाछपवी मानलं होतं.

"मला माहीत नव्हतं," ती मराठीतच म्हणाली.

कस्तुरीला शब्द कळले की नाही कोण जाणे. "पानी पी लो," ती म्हणाली.

घरी गुलाबराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ती समोर पायरीवर बसली.

"मला का नाही सांगितलं, बाबा? मी विचारलं होतं तुम्हाला."

"सांगतलं असतं तर तू काय केलं असतं?"

"ती स्लाइड काढली असती."

"म्हून तर नाई सांगतलं. माह्यापायी तू खोटं काहून लिहावं?" त्यांनी खुर्ची तिच्याकडे ओढली. "आन् साहेबाचं बी चुकलं नाई, पोरी. ज्याचे हात कापते त्याच्या मांगं हजार मानसं बसून रायते. अकरा वर्षं मी रोज सकाळी भेत होतो. आज देवरामची गाडी नीट पोचन का, म्हून. आता नाई भेत. पन झोप बी नाई येत."

"मी प्रबंधातून ते पान काढू का?"

"काढू नको." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पक्षपात लिहिलं ना, तो शबुद तेवढा बदल. जमत असन तर."

तिने बदलला. 'परस्पर संमतीने केलेली अदलाबदल' असं लिहिलं. सलोनी मॅडमनी पुरावा मागितला. लेखी पुरावा नव्हता. कोणत्याही ड्रायव्हरने तिला सही दिली नाही. तिच्याशी बोलायलाच कोणी तयार नव्हतं. शेवटी प्रबंधात 'कारण नोंदवलेले नाही' एवढंच छापलं गेलं.

गुलाबरावांचा निरोपसमारंभ चार महिन्यांनी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी ऑफिसच्या मागच्या खोलीत झाला. भांडारातल्या माणसासाठी कोण येणार, असं स्वप्नाला वाटत होतं. पण ड्रायव्हर येत राहिले. कोणी ड्यूटीवरून उतरून, कोणी बॅग खांद्याला लावून, ड्यूटीवर जाताजाता. खुर्च्या पुरल्या नाहीत. ती कचोरीची ताटं घेऊन फिरत होती. प्रत्येकाने तिच्या हातून ताट घेतलं, मान हलवली, आणि नजर गुलाबरावांकडे वळवली. कोणी वाईट वागलं नाही. कोणी बोललंही नाही.

देवराम आले. युनिफॉर्म नव्हता, इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. तिने ताट पुढे केलं.

"पढ़ाई पूरी हो गई, बेटी?"

"जी. जमा कर दी."

"अच्छा हुआ," ते म्हणाले. त्यात टोमणा आहे का, हे ती त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिली. नव्हता.

तेवढ्यात खिडकीबाहेरच्या लाईनवरून एक गाडी सुटली. इंजिनातल्या ड्रायव्हरने खोलीतली गर्दी पाहून हात बाहेर काढला. खोलीतल्या सगळ्यांचे हात, बोलणं न थांबवता, सवयीने वर गेले. देवरामांचाही गेला. गाडी पुरती निघून जाईपर्यंत तो तसाच वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, खिशातून रुमाल काढून पुसला, आणि ताट दोन्ही हातांनी धरलं.