बाबांच्या गाडीतला रेडिओ

बाबा गेले आणि त्यांची जुनी मोटार धाकटीच्या वाट्याला आली. थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, ती नकोच होती. उभी करायला त्याच्याकडे जागा नव्हती. पण गाडी सोडली तरी तिच्याबद्दल मत देण्याचा हक्क त्याने सोडला नव्हता. धाकटीने सीटची कव्हरं बदलली तेव्हा तो आठवडाभर फुगून बसला. हॉर्न बदलला तेव्हा म्हणाला, "आता हिला भोंगाच लाव कारखान्याचा."

रेडिओचा विषय निघाला आणि त्याने थेट आईकडेच दाद मागितली. "तुमचं तुम्ही बघा," म्हणून तिने पुढचं ऐकूनच घेतलं नाही.

धाकटीचं म्हणणं साधं होतं. रेडिओ कित्येक वर्षं मुका होता. त्याची चंदेरी पट्टी, आकड्यांची काच, हस्तिदंती रंगाची दोन बटणं हे सगळं तसंच राहू द्यायचं. आतलं जुनं यंत्र काढायचं, तिथे छोटा अॅम्प्लिफायर बसवायचा आणि गाणी मोबाइलवरून लावायची.

"बाहेरून कुणाला कळायचंसुद्धा नाही," ती म्हणाली.

"म्हणजे नुसता मुखवटा!" दादा कडाडला. "अगं, या रेडिओवर मी मॅच ऐकलीय! सात वर्षांचा होतो. बाबा गाडी चालवत होते. शेवटच्या चेंडूवर षटकार, आणि आपण जिंकलो!"

ती मॅच घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. ऑफिसातल्या एकाने 'अशी मॅच झालीच नाही' म्हटलं, म्हणून दादाने त्याच्याशी निवृत्त होईपर्यंत अबोला धरला होता.

शेवटी तह झाला. यंत्र काढायचं, पण दादाच्या डोळ्यांदेखत. आणि ते तो स्वतःच्या घरी नेणार. ठरल्या दिवशी तो गॅरेजमध्ये घडी घातलेली मऊ चादर घेऊन हजर झाला. हॉस्पिटलातून तान्हं बाळ न्यायला आल्यासारखा.

इलेक्ट्रिशियन डॅशबोर्डखाली आडवा झाला. थोडी खुडबुड झाली, मग शांतता.

"ताई, याला वायरच नाही."

"तुटली असेल," दादा म्हणाला.

"तुटली असती तर टोक दिसलं असतं, साहेब."

त्याने स्क्रू काढले आणि रेडिओ अलगद बाहेर ओढला. चंदेरी पट्टीमागे लाकडाचा ठोकळा होता. चांगला रंधा मारलेला, कडा घासलेल्या. बटणं फिरावीत म्हणून दोन भोकं पाडून आत तेलसुद्धा सोडलेलं.

"तुम्हाला जे करून हवंय ना," इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ते कुणीतरी आधीच करून ठेवलंय."

"चोरी!" दादा ओरडला. चादर तिथेच टाकून तो तरातरा घराकडे निघाला. धाकटी मागोमाग.

आई मटार सोलत बसली होती.

"आई, गाडीतला रेडिओ चोरीला गेला!"

"तिच्यात होता कधी?" आई म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. "गाडी घेतली तेव्हा तिथे नुसतं भोक होतं. शेजाऱ्यांपुढे बरं दिसेना. मग यांनी भंगारवाल्याकडून तेवढं तोंड आणलं. आतलं पुढे बघू म्हणाले. पुढे तुम्ही दोघं झालात."

"पण गाणी लागायची की!" आता धाकटीलाही राहवेना. "मी ऐकलीत, गाडीत बसून!"

"समोरच्या शिंप्याचा रेडिओ तो. दिवसभर बोंबलायचा. गाणं सुरू झालं की हे इकडे बटण फिरवायचे."

दादाने खुर्ची ओढली. "आणि मॅच? तेव्हा आपण गाडीने कुठेतरी लांब चाललो होतो. तिथे कुठला शिंपी?"

आईने हात थांबवले. "तू रडून नुसता उच्छाद मांडला होतास. मॅच लाव, मॅच लाव. मग यांनीच केली कॉमेंट्री. तोंड खिडकीकडे वळवून, नाकात बोलत. लोकांचा जल्लोषसुद्धा त्यांचाच. तू शेवटी इतका नाचलास की पुढे खरं सांगायचा धीरच झाला नाही त्यांना."

धाकटीला हसू येत होतं, पण दादाच्या तोंडाकडे बघून तिने ते गिळलं.

"मग खरी मॅच कोण जिंकलं?" दादाने बारीक आवाजात विचारलं.

"मला काय ठाऊक? त्या दिवशी मॅच होती की नव्हती, तेही मला ठाऊक नाही."

त्या आठवड्यात ठोकळ्याच्या जागी अॅम्प्लिफायर बसला, सीटखाली स्पीकर गेले. आकड्यांच्या काचेमागे पिवळा दिवाही लागला. दादाने एका शब्दाने हरकत घेतली नाही. उलट रविवारी आपणहून आला आणि म्हणाला, "चल, मी चालवतो."

गावाबाहेरच्या रस्त्याला लागल्यावर धाकटीने मोबाइल मांडीवर घेऊन गाणं लावलं. थोड्या वेळाने दादाने डावा हात पुढे केला आणि हस्तिदंती बटण हळूच फिरवलं. ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं, हे त्याला इलेक्ट्रिशियनने दोनदा सांगितलं होतं.

धाकटीने अंगठ्याने आवाज वाढवला.

दादाने ते उलटं फिरवलं. तिने कमी केला. दोघंही सरळ समोर रस्त्याकडे बघत होते.