टाचणी नसलेला कोपरा

भिंतीवर टांगलेल्या नकाशाला कुणी कधी विचारत नाही, की बाबा रे, तुझं कसं चाललंय? म्हणून आज मीच सांगतो. मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. माझ्या अंगाला हजारो भोकं आहेत आणि मनावर एक ओझं आहे. ते उतरवायला देवाने मला तुमच्याशिवाय कुणीच दिलेलं नाही. जरा जवळ सरका आणि ऐका.

माझा जन्म छापखान्यातला. एका कारागिराने माझ्या कागदाला मागून कापड डकवलं, वरखाली लाकडी दांडे बसवले आणि हात फिरवून म्हणाला, "जा, लोकांना वाट दाखव." नदी, रस्ते, शहर, वस्त्या आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात दगडाच्या खाणी, असा सगळा प्रदेश माझ्या अंगावर होता. मला वाटलं, आता आपण शाळेत जाणार, मुलं आपल्यावर बोट ठेवणार. पण मी गेलो एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, नोंदणीच्या खोलीत.

तिथे बायकांच्या कर्करोगाची नोंद होई. आईच्या पोटातल्या ज्या पिशवीत तुम्ही नऊ महिने राहिलात, त्या गर्भाशयाला, त्याच्या तोंडाला, शेजारच्या बीजकोशांनाही हा आजार होतो. लाजू नका मित्रांनो. ज्या घरात आपण सगळ्यात आधी राहिलो, त्याचं नाव घ्यायला लाज कसली?

नोंदी ठेवणाऱ्या बाईंना सगळे टाचणीताई म्हणत. नवी रुग्ण आली की ताई तिचा फॉर्म भरायच्या आणि तिच्या राहत्या जागी माझ्या अंगात टाचणी टोचायच्या. गर्भाशयाच्या तोंडाच्या आजाराला लाल, आतल्या अस्तराच्या आजाराला निळी, बीजकोशाच्या आजाराला पिवळी. टोचताना दर वेळी पुटपुटायच्या, "देवा, हिला सांभाळ." मला दुखायचं. पण देवाचं नाव घेऊन कुणी टोचलं, तर तक्रार तरी कशी करायची?

वर्षं गेली तशी माझ्यावर नक्षी उमटली. निळ्या टाचण्या बंगल्यांच्या वस्तीकडे जास्त, पिवळ्या सगळीकडे विखुरलेल्या. लाल मात्र इस्पितळामागच्या दाट गल्ल्यांत अशा गर्दीने बसल्या, की खालचा कागद दिसेना. आणि खाणींचा कोपरा कोरा करकरीत. लाल नाही, निळी नाही, काही नाही.

मोठे डॉक्टर पाहुण्यांना माझ्यासमोर आणत. "बघा," ते छडीने कोपरा दाखवत, "इथं एकही नाही. अंगमेहनत आणि मोकळी हवा!" पाहुणे माना डोलवत, माझे फोटो काढत. मी फुगून जायचो. माझ्या शब्दावर तपासणीची गाडी कुठे न्यायची ते ठरे. आजार पोटात रुजण्याआधीच ती गाडी तो हुडकून काढी. नऊ वर्षं ती गल्ल्यांमधून फिरली. खाणींकडे एकदाही गेली नाही.

एके दुपारी ताईंची वहिनी खोलीत आली. ताईंचा भाऊ खाणीवर वजनकाट्यापाशी कामाला, आणि वहिनी खडी चाळायला. आई लवकर गेल्यावर ताईंना या वहिनीनेच वाढवलेलं. तिच्या पदराला दगडाची भुकटी होती. खुर्चीवर बसण्याआधी तिने ती झटकली.

"वन्सं, ती तपासणीची गाडी आमच्याकडं कधी यायची?"

ताई हसल्या. "तुमच्याकडं कशाला, वहिनी? हा बघ नकाशा. तुमच्या बाजूला एक टाचणी नाही."

"अगं बाई! म्हणजे दगड फोडून फोडून आम्हीच दगड झालो म्हणायचं!"

"मग काय! तूच आता मला दोन खडे पाठव औषधाला."

दोघी खदखदून हसल्या. वहिनीने आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. तिची पाळी थांबून तीन वर्षं झाली होती आणि आता पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. तेच सांगायला ती आली होती, हे मला पुढे कळलं. पण भिंतीवरचा एवढा मोठा नकाशा म्हणतोय, तुला काही झालेलं नाही. मग अडाणी बाईने काय वाद घालायचा? चहा पिऊन ती गेली. मित्रांनो, मला जीभ असती तर त्या दिवशी मी ओरडलो असतो. पण खरं सांगू? तेव्हा मलाही वाटत होतं, की तिला काही झालेलं नाही.

दीड वर्षाने ती पुन्हा आली. या वेळी भावाच्या हातात जाड फाइल होती आणि वहिनी भिंतीला धरून चालत होती. ताईंनी फाइल उघडली, वाचली आणि कोरा फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, काम लिहिलं. मग चौदा वर्षांच्या सवयीने विचारलं, "पत्र कुठं पाठवू?"

पत्त्याच्या रकान्यासाठी त्या सगळ्यांना हेच विचारत. औषधोपचाराची पत्रं वेळेवर पोचावीत, एवढाच त्यांचा भाबडा हेतू.

"तुमच्याच घरचा पत्ता घाला, वन्सं. तिकडं पत्र आलं की चहाच्या टपरीवर फोडून वाचतात मेले. अख्ख्या खाणीला कळतं."

ताईंनी पत्ता लिहिला, लाल टाचणी उचलली आणि आपल्याच गल्लीवर टेकवली. आणि त्यांचा हात तिथेच थांबला. वहिनी त्या गल्लीत एक दिवससुद्धा राहिली नव्हती.

"वहिनी," त्या वळल्या, "तिकडच्या बाकीच्या बायका कुठला पत्ता देतात गं?"

"इथलाच की. मागच्या गल्लीत खोली घेतात ना उपचारापुरती, तोच. नाहीतर कुणा नातेवाइकाचा. घरचा कोण देतंय?"

ताईंनी टाचणी टेबलावर ठेवली. "मीच," त्या म्हणाल्या. "मीच पुसून टाकलं गं तुम्हाला."

"गप बसा. रडायचं तर मला आहे. तुम्ही काय माझ्या आधी नंबर लावताय?" वहिनी म्हणाली, आणि मग दोघीही रडल्या.

पुढचे आठ दिवस ताईंनी जुने फॉर्म उपसले. कामाच्या रकान्यात खडी, खाण, चाळणी दिसली की फोन करायच्या. "बाई, तुमचं घर कुठं? पत्राचं नाही, राहायचं." पुष्कळदा पलीकडून मुलगी बोलायची नाहीतर नवरा, कारण ती बाई उरलेलीच नसायची. गल्ल्यांमधली एकेक लाल टाचणी उपटून कोपऱ्यात आली. आठव्या दिवशी तिथे त्रेसष्ट टाचण्या होत्या. तो कोपरा निरोगी कधीच नव्हता. तिथल्या बायका मरणापुरत्या शहरात येत होत्या आणि मी त्यांना शहरातल्या म्हणत होतो.

मोठ्या डॉक्टरांनी छडीच्या टोकाने कोपऱ्यातल्या टाचण्या मोजल्या. "गाडीचं वर्षभराचं वेळापत्रक वर गेलंय," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी तुम्हाला नुसत्या तारखा देईन, साहेब. गेल्याच्या."

आजवर ताई असं कधी बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि गाडी एका दिवसासाठी दिली.

तो दिवस मी पाहिला नाही. भावाने खोलीत येऊन सांगितला. एकशे बारा बायका रांगेत होत्या. वहिनीचा आजार तोवर मूत्राशयापर्यंत गेला होता, पण गाडीच्या दाराशी तिने खुर्ची मांडायला लावली आणि येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगत होती, "खरा पत्ता सांगा गं, बायांनो. लाजून लपवायचा शहाणपणा मी केला तेवढा पुरे." अकरा जणी सापडल्या. त्यातल्या सात जणींना वेळेत गाठलं होतं. संध्याकाळी गाडी परत निघाली, तेव्हा रांगेत अजून बायका होत्या. गाडीला दुसरा दिवस अजून मिळालेला नाही.

हे सांगायला भाऊ एकटाच आला होता. बोलून झाल्यावर तो टेबलाशी उभा राहिला. ताईंनी वहिनीचा फॉर्म काढला. त्यात शेवटचा एक रकाना असतो. भावाने तारीख सांगितली. ताईंनी ती सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिली आणि पेनला टोपण लावलं.

आता त्या भिंतीवर नवा नकाशा आहे. मला गुंडाळून कपाटामागे ठेवलंय. इथे धूळ आहे, पाली आहेत, आणि तक्रार करायला मला तोंड नाही. पण मित्रांनो, माझं एक मागणं ऐका. माझा एक कोपरा रिकामा होता, म्हणून सगळ्यांनी त्याला सुखी मानलं. तुमच्या घरात आई, मावशी, आत्या, काकू कुणी गप्प असेल, तर ती बरी आहे असं धरून चालू नका. आज घरी जा, तिच्याजवळ बसा, तिचा खरखरीत हात हातात घ्या आणि विचारा, "तुला काही होतंय का गं?" ती हसून विषय बदलेल. तुम्ही उठू नका.