सत्तावीस, पाच कमी

वजनमापे तपासणाऱ्या खात्यात त्यांनी सदतीस वर्षं काढली आणि सदतीस वर्षांत एकाही दुकानदाराला एका ग्रॅमची सूट दिली नाही. ते बाजारात शिरले की काट्यांच्या तळाशी चिकटवलेले खडे पटापट निघायचे. वजन कमी भरलं तर ते भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, खणखणीत आवाजात आकडा सांगायचे. माणूस सरळ आहे, पण रोज जवळ बाळगायला जरा टोचतो, असं त्यांची बायको म्हणायची. तिला तो अधिकार होता, कारण घरात आलेली साखरसुद्धा त्यांनी कधी न तोलता डब्यात ओतू दिली नव्हती.

अशा माणसाला बॅलेचं वेड असेल, हे कुणाच्या बापाला खरं वाटलं नसतं. म्हणून त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. ऑफिसात ते 'नाटकाला जातो' म्हणत. वेड लागलं ते नोकरीच्या पहिल्याच महिन्यात. नाट्यगृहाच्या कँटीनमधला काटा तपासून परत निघताना त्यांनी चुकीचं दार उघडलं. समोर रिकाम्या रंगमंचावर ढगळ लोकरी मोजे घातलेली एक मुलगी पायाच्या बोटांच्या टोकावर उभी होती. नुसती उभी. पियानोवाली बाई शेजारी डबा खात होती. त्या मुलीचं सगळं वजन दोन बोटांवर आलं होतं आणि ती जरासुद्धा हलत नव्हती. एकवीस वर्षांचे हे निरीक्षक हातात वजनांची पेटी घेऊन दारात उभे राहिले आणि त्यांना रडू आलं. का आलं ते त्यांना आजतागायत सांगता आलेलं नाही.

तेव्हापासून वरच्या गॅलरीतला पहिला बाक त्यांचा झाला. तिथे त्यांच्यासारखीच सातआठ माणसं होती: एक दाताची डॉक्टरीण, एक बस कंडक्टर, पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा. एकमेकांची नावं त्यांना धड ठाऊक नव्हती, पण कुठल्या नर्तिकेचा डावा घोटा कमजोर आहे ते सगळ्यांना पाठ होतं. आपल्या निरीक्षकांना सगळे 'काटा' म्हणत. कारण एका गाजलेल्या बॅलेत काळ्या पोशाखातली नायिका एका पायावर लागोपाठ बत्तीस गिरक्या घेते, आणि त्या मोजायचं काम यांचं होतं. ते कठड्यावर बोट आपटत मोजायचे. वीसच्या पुढे गेलं की खालून टाळ्यांचा पाऊस सुरू व्हायचा, गिरक्या संपेपर्यंत कान फाटायचे, आणि त्या गोंगाटात बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून हे मोठ्यानं आकडा सांगायचे. डॉक्टरीणबाई तो हातातल्या कार्यक्रमपत्रिकेच्या कडेला लिहून घ्यायची. कमी भरल्या तर किती कमी, तेही.

त्यांना मूल नव्हतं. धाकट्या बहिणीची मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा ते तिला पहिल्यांदा गॅलरीत घेऊन गेले. कठड्यावरून दिसेना, म्हणून घडी घातलेल्या कोटावर बसवलं. मामाच्या बोटाबरोबर तीही मोजायला लागली, आणि घरी परतल्यावर तिने स्वयंपाकघरात गरागरा फिरून दुधाचं पातेलं पाडलं. मामाने तिचं नाव भिंगरी ठेवलं. पुढे तिला बॅलेच्या शाळेत घालायचं कुणी, तर मामाने. आईला पटवायचं कुणी, तर मामाने. जेवणाच्या टेबलाची खुर्ची धरून ती गिरकीचा सराव करायची आणि मामा वर्तमानपत्राआडून मोजायचा. ती बॅले कंपनीत लागली तेव्हा त्यांनी अख्ख्या गॅलरीला पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. मग नऊ वर्षं ती मागच्या रांगेत नाचली, चोवीस जणींतली एक, आणि मामा दुर्बिणीतून फक्त तिलाच बघत राहिले.

आणि मग मुख्य नर्तिका आजारी पडली. बुधवारची संध्याकाळ आणि शनिवारची दुपार, असे त्याच बत्तीस गिरक्यांच्या बॅलेचे दोन प्रयोग भाचीला मिळाले. तिशीला टेकलेल्या मागच्या रांगेतल्या मुलीला अशी संधी दुसऱ्यांदा मिळत नसते, हे मामांना तिच्याहून जास्त कळत होतं. बुधवारी त्यांनी नवा शर्ट घातला. फुलं घेतली. बहीण खाली चांगल्या खुर्चीवर बसली होती. हे मात्र आपल्या बाकावर. बाकाने त्यांना मधली जागा दिली.

गिरक्या सुरू झाल्या. बोट कठड्यावर पडू लागलं. वीसच्या पुढे टाळ्या आल्या, तशाच आल्या जशा नेहमी येतात. मग तिचा पाय जागा सोडून सरकायला लागला. पुढे, आणखी पुढे. टाळ्या विरल्या. तिने गिरक्या थांबवल्या, एक क्षण दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, आणि सगळं सभागृह श्वास रोखून बसलं.

त्या शांततेत गॅलरीतून आवाज आला, "सत्तावीस. पाच कमी."

टाळ्यांच्या अंदाजाने काढलेला आवाज होता तो, आणि टाळ्याच नव्हत्या. सदतीस वर्षं बाजार गाजवलेला तो आवाज खालच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. भाचीने मान वर केली. क्षणभरच. मग रंगमंचाला वळसा घालत तिने बाकीचं नाचून संपवलं, आणि लोकांनी टाळ्या दिल्या, जरा जास्तच दिल्या, पडलेल्या मुलाला आपण देतो तशा.

बाकावर कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही. डॉक्टरीणबाईने पेन्सिल पर्समध्ये टाकली. जिन्यात एका अनोळखी गृहस्थाने चिडून विचारलं, कोण होता तो गाढव? आणि ते म्हणाले, "कुणास ठाऊक." आयुष्यात एक ग्रॅम खोटं न बोललेला माणूस, घरच्याच मुलीच्या बाबतीत खोटं बोलला. लाजेने कान तापले होते. कलावंतांच्या दारातून आत जायचं त्यांना धाडस झालं नाही. फुलं त्यांनी तिथल्या पहारेकऱ्याच्या हातात कोंबली, नाव न सांगता, आणि पाय लावून पळाले म्हटलं तरी चालेल.

घरी पोचतात तो बहिणीचा फोन. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "दादा, तो तूच होतास ना?" त्यांनी हो म्हटलं, आणि तिने फोन ठेवला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. तोंड लपवून बसायचं तर कपाटात बसा, म्हणाली, मला केर काढायचाय. नाहीतर पोरीकडे जा. गुरुवारी सकाळी ते गेले. चार मजले चढताना प्रत्येक मजल्यावर परत फिरावंसं वाटलं.

भाचीची खोली लहान होती. पलंग, आरसा, दोरीवर वाळणारे मोजे. ती खुर्चीत बसली होती आणि तिचा उजवा पाय बर्फाच्या पाण्याच्या बादलीत होता. बिननावाची फुलं खिडकीत, पाण्याच्या बाटलीत ठेवलेली होती. मामांना पाठ करून आणलेली वाक्यं आठवेनात. चूक झाली, सवयीने झालं, टाळ्या असतात नेहमी, असं काहीतरी ते अडखळत बोलले. स्वतःच्या कानाला ते दुकानदारांच्या सबबींसारखं लागलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, काल मला सगळ्यांनी विचारलं, पायाला काय झालं. पियानोवाल्या बाईंनी विचारलं, कपडेवालीने विचारलं, त्या पहारेकऱ्याने विचारलं. तू सांगितलंस किती कमी पडल्या."

त्यांनी बादलीकडे बघितलं. घोटा सुजून टम्म झाला होता. दारातून आत आल्यापासून तो त्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि आताही त्यांनी विचारलं नव्हतं.

"आणि सत्तावीस नव्हत्या," ती म्हणाली. "सव्वीस होत्या. शेवटची अर्ध्यात सुटली माझी. तू ती पूर्ण धरलीस."

तिच्या पायाला ठाऊक होतं, म्हणजे खरंच असणार. सगळ्या हयातीत त्यांनी एकदाच कुणाला माप जास्त दिलं होतं, न कळत, जीव अडकला होता म्हणून; आणि तेही चारचौघांत तिला कमी ठरवता ठरवता. आपलं प्रेम तिच्यापर्यंत पोचलं ते असं, या विचाराने त्यांना तिथे उभं राहवेना.

"मी मनात तुझ्याच आवाजात मोजते," ती म्हणाली. "सहा वर्षांची होते तेव्हापासून. रात्रभर प्रयत्न केला दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात मोजायचा. जमत नाही. तू मोजायला लागतोस आणि पुढे तेच येतं, पाच कमी." मग पाण्यातला पाय जरा हलवून म्हणाली, "शनिवारी येऊ नकोस."

शनिवारी ते आत गेले नाहीत. पण घरीही बसवेना. नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत, सामान उतरवायच्या दाराशेजारी, एक उपडं खोकं होतं. त्यावर ते दुपारभर बसले. भिंतीतून वाद्यवृंद ऐकू येत होता, जाड पांघरुणाखालून यावा तसा. गिरक्यांचं संगीत आलं आणि बोट मांडीवर पडायला लागलं. त्यांनी ते दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवलं. त्या मुलीचा पाय आता सुजलेला असेल, आणि ती तशीच फिरत असेल, एवढंच ते स्वतःला सांगत राहिले. टाळ्या आल्या. खूप आल्या. पण टाळ्या बुधवारीही आल्याच होत्या.

खेळ सुटल्यावर डॉक्टरीणबाई कोपऱ्यावरून धापा टाकत आली, हातात पत्रिका. तोंड उघडणार एवढ्यात ते उठून उभे राहिले.

"आकडा सांगू नका," ते म्हणाले. "पाया पडतो तुमच्या."

बाई थबकली. पत्रिका दुमडून तिने पर्समध्ये ठेवली आणि निघून गेली.

तासाभराने भाची बाहेर आली. केस ओले, घोट्याला पट्टी, खांद्यावर ती मोठी कापडी बॅग. मामांना बघून ती थांबली. रागावली की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती वाट बघत होती, ते काय विचारतात याची. तिच्या डोळ्यांत बघायचा त्यांना धीर झाला नाही, म्हणून त्यांनी पट्टीकडेच बघितलं.

"पाय कसा आहे?"

"दुखतोय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "खूप दुखतोय मामा."

त्यांनी बॅगेसाठी हात पुढे केला. तिने ती दिली. मग त्यांनी कोपर पुढे केला, तो मात्र तिने धरला नाही. भिंतीला हात लावत, लंगडत ती पुढे चालू लागली. ते दोन पावलं मागून निघाले. बॅग हातात येताच तिचं वजन त्यांना नेमकं कळलं होतं, साडेचार किलोला थोडं कमी. ते त्यांनी तोंडातून बाहेर पडू दिलं नाही.