ओढायची नाही, ढकलायची

माझ्या नाकावर राग असतो हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि ते खरंच आहे. एका हॉटेलच्या लाँड्रीत मी इस्त्रीखात्याची मुकादम. चादरीवर एक सुरकुती दिसली तरी माझा आवाज मशीनच्या खडखडाटावरून पार टोकाला जातो. तेव्हा त्या दिवशी थीम पार्कच्या गेटवर मी तोंड सोडलं, याचं कुणाला नवल वाटायला नको. नवल माझ्या भाचीनं केलं, आणि तेच सांगायला बसलेय.

भाचीला आम्ही सगळे ठकी म्हणतो. धाकट्या भावाची एकुलती एक लेक. दिसायला चिमणीएवढी, पण बोलायला लागली की मोठमोठ्यांना गप्प करील. आधी ती पळताना पडायला लागली. मग चालताना. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून "आत्या, मी इथंच बरी आहे" म्हणायला लागली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि एका सकाळी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "स्नायूंचा आजार आहे. पाय आता परत यायचे नाहीत. तिला चाकांची खुर्ची घ्या, तिलाही सोपं जाईल आणि तुम्हालाही."

खुर्ची म्हटल्याबरोबर माझा भाऊ उठला आणि बाहेर गेला. बाळ्या म्हणतो आम्ही त्याला, डोक्याला टक्कल पडलं तरी अजून बाळ्याच. शोधत गेले तर हा गाडीतळावर कुणाच्या तरी स्कूटरला टेकून उभा. म्हणाला, "ताई, माझ्या घरात ती खुर्ची येणार नाही. माझी पोरगी आजारी बिजारी नाही." मी म्हटलं, "बरं बाबा, नाही आणायची." दुसरं काय म्हणणार होते? माझ्या तरी गळ्याखाली तो शब्द कुठं उतरत होता!

मग आमच्याकडं तो शब्द टाळायचं खूळ सुरू झालं. जेवायच्या टेबलाशीसुद्धा कुणी 'खुर्ची घे' म्हणेना, 'इथं टेक' म्हणायचं. हसू नका, तुमच्यावर वेळ आली नाही म्हणून.

लाँड्रीत कपडे वाहायची एक ट्रॉली मोडीत निघाली होती. चाकं अजून लोण्यासारखी फिरत होती. मी साहेबांना विचारून ती घरी आणली. बाळ्याचा धंदा खिडक्या बसवण्याचा, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या त्याच्याकडं पडलेल्याच असतात. त्यानं तिला चहूबाजूंनी कठडा केला, पुढं लांब दांडा जोडला. भावजयीनं जाड गादी शिवली. ठकीला आत बसवून बाळ्या रस्त्यावरून ओरडत निघाला, "बाजूला व्हा, बाजूला व्हा! महाराणींची स्वारी येतेय!" ठकीनं मान ताठ करून दोन्हीकडं हात हलवला. कोपऱ्यावरचा सायकलवाला उठून मुजरा करायला लागला. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. किती दिवसांनी हसलो होतो!

तेव्हापासून शाळेत स्वारी, बाजारात स्वारी, हॉस्पिटलात व्यायामालासुद्धा स्वारी. खेळ म्हटल्यावर आजार कुठं राहिला? असं आमचं शहाणपण.

अशात ठकीच्या वर्गातल्या मुली थीम पार्कला जाऊन आल्या. तिथं एक गुहा आहे, अंधारात बोट चालते आणि वर छताला हजारो दिवे लुकलुकतात. ठकीनं हट्ट नाही केला, ती हट्ट करतच नाही. फक्त एकदा म्हणाली, "मला ती बोट बघायचीय, थंडी पडायच्या आत." डॉक्टरांनी थंडीत छाती जपायला सांगितलं होतं, ते या पोरीनं ऐकून ठेवलं होतं. बाळ्यानं त्याच संध्याकाळी तिकिटं काढली.

पार्कमध्ये मुलांच्या गाड्यांना मापाची मर्यादा असते. बाळ्यानं फोनवर ती मापं पाहिली, स्वारीला टेप लावला आणि कपाळाला हात मारला. रुंदी जास्त, लांबीही जास्त. गड्यानं अख्खी गाडी खोलली, कठडा कापला, चाकं आत घेतली, गादी उसवून पुन्हा शिवायला लावली. भावजय म्हणाली, "अहो, खाली अजून काय काय लिहिलंय, तेवढं वाचा की." तर हा म्हणतो, "त्यात काय वाचायचं? काचेच्या बाटल्या आणू नका, कुत्री आणू नका. चौकट मापात असली की खिडकी बसतेच!" आयुष्यभर भिंतीतल्या भोकात चौकटी बसवत आलेला माणूस. त्याला वाटायचं, जगात घोडं अडतं ते मापापाशीच.

त्या दिवशी ऊन छान होतं. ठकीला निळा फ्रॉक घातला होता. गेटपाशी ही रांग! पुढं उजळ पट्ट्यांचं जाकीट घातलेली एक बाई एकेक गाडी बघून आत सोडत होती. आमची पाळी आली तसा बाळ्या टेप काढून तयारच उभा. "मोजा," म्हणाला, "सूतभर इकडं नाही की तिकडं."

बाईनं टेपकडं पाहिलंही नाही. दांड्याकडं बोट केलं. "ही ओढायची गाडी आहे. ओढायची गाडी आत चालत नाही. ढकलायची चालते."

"पण मापात आहे ना!"

"मापात असू द्या हो. ओढायची नाही."

बाळ्याच्या तोंडचं पाणीच पळालं. इतकी मेहनत, आणि मुसळ केरात! त्यानं गाडी उलटी फिरवली आणि तोच दांडा धरून ढकलून दाखवायला लागला. पण ट्रॉलीची ती चाकं, दांड्याकडून ढकलली की वाट फुटेल तिकडं पळतात. गाडी गर्रकन वळून शेजारच्या माणसाच्या नडगीवर आदळली. ठकी कठड्याला धरून हसली, पण तिचं हसू मला बरं दिसलं नाही.

मग मी पुढं झाले. "काय हो बाई, चाकंच आहेत ना शेवटी? ओढली काय नि ढकलली काय, तुमच्या बापाचं काय जातं? लहान लेकरू आहे, दिसत नाही का? का नियम पाठ केलेत आणि डोळे घरी ठेवून आलात?"

बाईला बहुतेक अशी तोंडं रोज भेटत असावीत. शांतपणे म्हणाली, "ताई, ओढणाऱ्याचं तोंड पुढं असतं आणि मूल मागं. गर्दीत मागं काय चाललंय ते त्याला कळत नाही. एकदा एका लेकराची बोटं चाकात गेली, तेव्हापासून बंद केलंय. बाप पुढं गाणं म्हणत चालला होता."

बाईनं ठकीच्या पायांकडं पाहिलं. लुळ्या पायांना घातलेले ते नवेकोरे बूट, तळ जराही न झिजलेले. ती आवाज उतरवून बाळ्याला म्हणाली, "दादा, त्या खिडकीत चाकांची खुर्ची मिळते. फुकट आहे. नुसतं सांगा, लगेच देतील."

"माझ्या मुलीला खुर्ची लागत नाही," बाळ्या एवढ्या जोरात ओरडला की अख्खी रांग वळली.

"मग बाबागाडी भाड्यानं घ्या. पण ती लहान मुलांची असते."

"तीच घेतो!"

आणि आमच्या शहाण्यानं खरोखर बाबागाडी आणली. मोठ्यातली मोठी, पण बाबागाडी ती बाबागाडीच. ठकीला उचलून आत बसवलं तर गुडघे हनुवटीला लागले, बूट खाली फरशीला घासायला लागले. भावजय उसनं हसून म्हणाली, "अगं बाई, आमची बाहुलीच झाली की!" मीही री ओढली, "महाराणींनी आज वाहन बदललं वाटतं!" रांगेतला एक बारका पोरगा आईचा हात ओढून म्हणाला, "आई, एवढी मोठी मुलगी बाबागाडीत का?" आईनं त्याचं तोंड दाबलं. ठकीचे कान लालेलाल झाले. बाळ्या मात्र गुडघ्यावर बसून तिचे पाय आत दुमडत होता, जसा काही खिडकीचा पल्ला चौकटीत बसत नाहीये आणि अजून जरासा रेटला की बसेल. पाय दुमडले की घसरून बाहेर यायचे. तो पुन्हा दुमडायचा.

"बाबा, पुरे," ठकी म्हणाली.

"झालंच गं राणी, एक मिनिट."

"बाबा, पुरे ना. दुखतंय." मग तिनं मान वर करून गेटवरच्या बाईला विचारलं, "मावशी, खुर्ची कुठल्या खिडकीत मिळते? मला मधली लागते. मोठीत माझे हात चाकापर्यंत पोचत नाहीत."

बाईनं वेळ दवडला नाही, स्वतः जाऊन मधली खुर्ची घेऊन आली. ठकी म्हणाली, "आधी ब्रेक लावा. दोन्हीकडचे." मग म्हणाली, "आता पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. हां. आता मला उचला, बाबा." बाळ्यानं तिला उचललं आणि ठेवलं. ती नीट बसली. फ्रॉक सारखा केला, पाय स्वतःच्या हातांनी उचलून एकेक पट्टीवर ठेवले, ब्रेक सोडले आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. इतकी सफाईदार, की बघतच राहावं.

"तुला कसं येतं हे?" बाळ्यानं विचारलं.

"व्यायामाच्या ताई शिकवतात. तुम्ही औषधं आणायला जाता ना, तेव्हा. आई आणि आत्या बाहेर बसलेल्या असतात तेव्हा. मी त्यांना म्हटलं, घरी सांगू नका."

"का गं सोन्या? आम्हाला का नाही सांगितलंस?"

ठकीनं आमच्याकडं आळीपाळीनं पाहिलं. "तुम्ही सगळे स्वारीला किती हसता," ती म्हणाली. "खुर्ची आली की तुम्ही हसायचं बंद कराल."

अरे देवा! आम्हाला वाटत होतं, आम्ही त्या पोरीसाठी खेळतोय. आणि ती एवढीशी पोर आमच्यासाठी हात हलवत बसली होती, इतके दिवस, भर बाजारात, मान ताठ करून.

बाळ्या खुर्चीच्या पुढं उभा राहून सवयीनं दांडा शोधत होता. हात नुसतेच हवेत. ठकी म्हणाली, "बाबा, मागं जा. ही ढकलायची असते."

तो मागं गेला. दोन्ही मुठी धरल्या, पण पाऊल काही उचलेना. ठकीनं मागं वळून पाहिलं नाही. समोर बघतच हळूच म्हणाली, "स्वारी ओढताना तुम्ही पुढं असायचात ना, तेव्हा तुम्ही बाहीनं डोळे पुसलेले मला दिसायचे. आता तुम्ही मागं आहात. आता रडलात तरी मला दिसणार नाही. चला."

बाळ्या रडला. गेटमधून आत जाताना, त्या एवढ्या गर्दीत, लहान पोरासारखा रडत रडत माझा भाऊ खुर्ची ढकलत गेला. भावजय पदरानं तोंड झाकून शेजारून चालत होती. ठकी ताठ बसली होती आणि तिनं एकदाही मान वळवली नाही.

मी बाहेरच राहिले, कारण स्वारी आत नेता येईना आणि सामानघरात ती कुणी घेईना. भावजय म्हणाली होती, तुम्ही जा ताई, मी थांबते. मी म्हटलं, वेडी का खुळी, लेकीची बोट चुकवशील होय? गेटवरच्या बाईनं मला पाण्याचा पेला आणून दिला. मी तिला म्हटलं, "मघाशी बोलले ते मनावर घेऊ नका हो." ती म्हणाली, "मी कुठं घेतलंय," आणि पुढची गाडी बघायला गेली.

पेला रिकामा करून मी उठले. स्वारी गाडीतळावर नेऊन सावलीत लावावी म्हणून दांडा हातात घेतला. रस्ता उताराचा होता. दोन पावलं ओढली असतील नसतील, तोच मागं न बघता सवयीनं मी म्हणाले, "घट्ट धर गं ठके, उतार आहे."