घेराचे पैसे

कुरियरवाल्याने खोकं काट्यावर ठेवलं, ते जेमतेम अर्धा किलो भरलं. पावतीवर मात्र त्याने साडेसात किलो लिहिलं. शिंपीणबाईंचे डोळेच पांढरे झाले.

"अहो, आत नातवाचं एवढंसं टोपडं आहे! चुरगळू नये म्हणून मोठं खोकं घेतलं. बाकी नुसती हवा!"

"काकू, गाडीत हवाही जागा अडवते. खोकं मोठं असलं की आम्ही वजन मापावरून धरतो."

"हवेचे पैसे? हा तर दिवसाढवळ्या दरोडा झाला!"

मशीनवरून तशाच उठून आलेल्या बाईंच्या गळ्यात टेप लोंबत होती. त्याने तीच मागून घेतली आणि खोक्याची लांबी, रुंदी, उंची त्यांच्यासमोर मोजून दाखवली. टेप परत देताना म्हणाला, "माझ्या बायकोच्या घागऱ्याला तुम्ही दीडपट शिलाई लावलीत. का, तर म्हणे घेर जास्त आहे."

बाई उसळल्या. "घेराला कापड लागतं! हवेला काय लागतं?"

"खोकं, काकू."

बाईंनी खोकं उघडून टोपडं बाहेर काढलं, घडी घालून मुठीत मावेल एवढं केलं आणि पुटपुटल्या, "सगळ्यात लहान पाकीट द्या. चुरगळलं तर लेक इस्त्री करेल."